वायफायवरचा इंटरकॉम: एमबीपीएस विचारून भागत नाही

महोदय,

पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या मुंबईतल्या इमारतींमध्ये गेटपासून घरापर्यंत इंटरकॉमची तार ओढण्याऐवजी वायफायवर चालणारे फोन सुचवले जातात. सोसायटीची कार्यकारिणी कोटेशन मागवताना 'वेग किती?' एवढेच विचारते. आवाजासाठी हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. जी.७११ या नेहमीच्या कोडेकवर (आवाजाचे डेटात रूपांतर करण्याची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८० केबीपीएस पुरतात. अडचण वेगळीच असते. दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५० छोटी पॅकेट (आवाजाच्या डेटाचे तुकडे) निघतात आणि प्रत्येकाला हवेतला रेडिओ मार्ग, म्हणजे चॅनेल, मोकळा होईपर्यंत थांबावे लागते. आजूबाजूच्या घरांतले राउटर त्याच चॅनेलवर असले की पॅकेट उशिरा पोहोचतात. फार उशिरा आलेले पॅकेट फोन टाकून देतो आणि शब्द तुटतो.

यावरचा उपाय वायफायच्या ८०२.११ई या मानकात २००५ पासून आहे. बाजारात त्याला डब्ल्यूएमएम म्हणतात. आवाज, व्हिडिओ, साधा डेटा आणि पार्श्वभूमीचे काम अशा चार रांगा करून आवाजाला तो सर्वात आधी वाट देतो. पण नुसते डब्ल्यूएमएम चालू करून काम होत नाही, आणि नेमके इथेच बहुतेक ठिकाणी घोडे अडते. फोन आपल्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण करतो. अनेक अॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी यंत्रे) या सहा बिटांच्या आकड्याचे फक्त पहिले तीन बिट वाचतात. त्यातून ५ हा आकडा मिळतो, तो व्हिडिओच्या रांगेचा असल्याने आवाज तिथे जाऊन बसतो. ४६ ची जोडणी ६ शी, म्हणजे आवाजाच्या रांगेशी करावी, असे आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०१८ सालीच सांगितले आहे. ही सेटिंग कंत्राटदाराकडून समोर बसून करून घ्यावी. अॅक्सेस पॉइंट तारेने जोडणारा मधला स्विच ही खूण पुसत नाही ना, हेही तपासावे.

दुसरी तक्रार चालता चालता कॉल तुटण्याची. वॉचमन गेटवरून पार्किंगमध्ये गेला की फोनने अॅक्सेस पॉइंट बदलायला हवा. त्यासाठी वायफायची तीन मानके आहेत: ८०२.११के शेजारच्या अॅक्सेस पॉइंटची यादी देते, ८०२.११व्ही बदलण्याची सूचना देते आणि ८०२.११आर नव्या ठिकाणची ओळखपडताळणी आटोपशीर करते. काही जुने फोन ८०२.११आर चालू असलेल्या नेटवर्कला जोडलेच जात नाहीत. म्हणून आवाजाच्या फोनांसाठी वेगळे नेटवर्क ठेवावे. फोन जिथे वापरला जाणार तिथे सिग्नल किमान −६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) मिळायला हवा. जिना आणि लिफ्टजवळच्या काँक्रीटच्या भिंतींमागे तो झपाट्याने पडतो, त्यामुळे मोजणी तिथेच उभे राहून करावी.

सिग्नल कमी म्हणून अॅक्सेस पॉइंटची शक्ती कमाल करून ठेवणे हा उपाय मात्र उलटतो. फोनचा प्रक्षेपक त्याहून दुबळा असतो. मग वॉचमनला घरचा आवाज ऐकू येतो, पण वॉचमनचा आवाज घरी पोहोचत नाही. शक्ती फोनच्या बेताची ठेवावी आणि गरज वाटली तर अॅक्सेस पॉइंट वाढवावेत.

आवाज ५ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच, आणि दाट वस्तीत तिन्ही भरलेले असतात. ५ गिगाहर्ट्झमध्येही १२०, १२४ आणि १२८ हे चॅनेल टाळावेत. हा पट्टा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, हवामान रडार वापरतात तो. जोगेश्वरीच्या वेरावलीत हवामान खात्याचे सी-बँड (५ गिगाहर्ट्झचा भाग ज्यात येतो तो पट्टा) रडार आहे. रडारची चाहूल लागली की अॅक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावाच लागतो आणि चालू कॉल तुटतो. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनेल त्यापेक्षा बरे.

चाचणी दुपारी रिकाम्या इमारतीत घेऊ नये. रात्री नऊच्या सुमारास, घरोघरी व्हिडिओ चालू असताना, गेटपासून वरच्या मजल्यापर्यंत कॉल चालू ठेवून चालावे. पॅकेटगळती (वाटेत हरवलेल्या पॅकेटचे प्रमाण) १ टक्क्याच्या आत आणि एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तरच बिल चुकते करावे.

वीज गेली की स्विच आणि अॅक्सेस पॉइंटही बंद पडतात. त्यांना यूपीएस हवाच. लिफ्टमधला आपत्कालीन फोन आणि अग्निशमन यंत्रणेची जोडणी मात्र तारेवरच राहू द्यावी. जुनी तार काढून टाकण्याचे कलम कोटेशनमध्ये असेल, तर सही करण्यापूर्वी या दोन जोडण्या त्यातून वगळून घ्याव्यात.

– एक नेटवर्क अभियंता, गोरेगाव (पूर्व), मुंबई