कोणता बॉण्ड, तेही छापा

महोदय,

‘आरोपीची १५ हजारांच्या बॉण्डवर सुटका’ असा मथळा वाचला की आरोपीने १५ हजार भरले, असेच बहुतेकांना वाटते. जातमुचलक्यात, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या बॉण्डात, पैसे भरायचेच नसतात. तारखेला हजर राहिलो नाही तर एवढी रक्कम सरकारजमा करा, अशी ती लेखी हमी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर व्याख्याच दिली आहे: जामीनदार असेल तर ‘बेल बॉण्ड’, नसेल तर नुसता ‘बॉण्ड’. म्हणून जामीनदार लागला की नाही, हे बातमीत यायला हवे. रोख भरली असेल तर सरळ ‘रोख जामीन’ लिहावे.

तहसील कचेरीबाहेर मात्र बॉण्ड म्हणजे मुद्रांक. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘शंभरचा बॉण्ड’ पाचशेवर गेला म्हणतात, पण वाढले ते काही दस्तांवरचे किमान मुद्रांक शुल्क. जात, उत्पन्न, रहिवास दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला हे शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालते. तरी कोणी ‘बॉण्डवर लिहून आणा’ म्हटले की माणूस पाचशे रुपये घेऊन मुद्रांक विक्रेत्याकडे धावतो. शिवाय घरात पडून राहिलेला मुद्रांक खरेदीपासून सहा महिन्यांनी बाद होतो, हेही कोणी सांगत नाही. (स्टेशनरीच्या दुकानात ‘बॉण्ड पेपर’ मागितला तर नुसता जाडसर कोरा कागद हाती पडेल!)

अर्थविषयक पानावर ‘रोखे’ हा शब्द रुळला आहे, तो चांगला. तरी ‘बॉण्डचा यील्ड (बाजारभावाने पडणारा परतावा) वाढला’ ही बातमी रोखेधारकाला आनंदाची वाटते, तिथे एक ओळ खुलाशाची द्यावी. १०० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा रोखा बाजारात ९८ ला आला, तर नव्या खरेदीदाराला ७.१४ टक्के पडतात. जुन्या धारकाच्या रोख्याची किंमत मात्र दोन रुपयांनी उतरलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केलेल्या निवडणूक रोख्यांवर तर व्याजच नव्हते, मुदतही १५ दिवसांची. नावापुरतेच रोखे ते.

राहिले डॉक्टर. ‘बॉण्ड मोडला’ असे छापून येते, तो एमबीबीएसनंतर वर्षभर सरकारी सेवा करण्याचा करार. त्याला ‘बंधपत्रित सेवा’ हा शब्द तयार आहे. मथळ्यात तोच घालावा.

— एक वाचक, पुणे