सरकारी कोंबो आरवता बरो! पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अंड्याचा भाव, न आलेल्या तलंगा (अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या) आणि त्या निमित्ताने.

मंत्रीमहोदय,

स. न. वि. वि. आपणास २०२६ या नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आपला वेळ मोलाचा आहे, तरी एवढं पत्र पूर्ण वाचावं, ही विनंती.

मी देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. कागदोपत्री माझं पद ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ आहे, पोरं काकी म्हणतात. नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. घरात सासूबाई आणि दोन मुलगे. याहून जास्त माहिती मी अर्जात भरलेली आहे. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, सगळं. ते आपल्या खात्याकडे असेलच.

त्या अर्जासाठीच हे लिहिते आहे. पंचवीस तलंगा आणि तीन नर, निम्मे पैसे सरकारचे, निम्मे लाभार्थीचे, ही आपली योजना. यादीत माझं नाव लागलं. माझा हिस्सा मी बचत गटातून कर्ज काढून भरला. खुराडं बांधून घेतलं : खाली चिऱ्यांचं जोतं, वर पत्रा, मुंगूस शिरू नये म्हणून बारीक जाळी. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी स्वतः खपून केलं, तरी जाळीचे आणि पत्र्याचे पैसे काही कमी झाले नाहीत. आधी सांगितलं, गणपती झाले की पक्षी येतील. मग दिवाळीनंतर. आणि गेल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणच्या कचेरीत एका साहेबांनी मान वर न करता सांगितलं, यंदाची तरतूद संपली, आता नव्या आर्थिक वर्षात. नव्या वर्षात म्हणजे कधी? तर म्हणाले, मे-जून धरून चाला.

मे-जून! मंत्रीमहोदय, कोकणात जूनमध्ये काय होतं ते मुंबईत बसून लक्षात येत नसेल, म्हणून सांगते. आमच्या जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्या योजनेतली तलंग आठ ते दहा आठवड्यांची असते. ती दुसरीकडून गाडीत भरून घाट उतरवून आणायची आणि थेट आमच्या मृगात सोडायची. खाद्याच्या पोत्याला आतून बुरशी धरते, खालचा भुसा सुकत नाही, पक्षी माना टाकायला लागतात. आणि मग तुमच्या अहवालात लिहून येतं की लाभार्थ्यांनी निगा राखली नाही. सप्टेंबरात दिल्या असत्या तर आज त्या अंड्यावर आल्या असत्या. नेमक्या आज, जेव्हा गावातल्या दुकानात एक अंडं ८ रुपयांना आहे आणि तीसचा ट्रे २४० ला. गावठी अंड्याचं तर नावच काढू नका, ते आता पाहुण्यांसाठी आणि बाळंतिणीसाठी.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “बाय, ह्यो सरकारी कोंबो. आरवता बरो. पण कोंबो कदी अंडा घालता?”

किनाऱ्यावर राहता, तर मासे खा की, अंडी कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, नवरा घरी, मिळकत बंद. त्या दोन महिन्यांत आमच्या ताटात सुकट, सुका बांगडा आणि अंडी. बाकीच्या वर्षात चांगला मासा बंदरावरूनच बर्फाच्या पेटीत भरून जातो, आमच्यापर्यंत येते ती तारली किंवा मांदेली, आणि तीही हल्ली वाट बघायला लावते. अंडं हे गरिबाचं शेवटचं हुकमी कालवण होतं. घरात काही नसलं, तरी पोराला दुकानात पिटाळलं की भागायचं.

आता कसं भागवतो, तेही ऐका. पाच माणसांना तीन अंडी उकडते आणि शिवणाच्या दोऱ्याने अर्धी-अर्धी कापते. सुरीने कापलं तर बलक सुरीलाच लागतो, तेवढाही वाया घालवायची आता छाती नाही. सहा अर्धुकं झाली की एक उरतं, ते दहावीतल्या थोरल्याला. पोळी करायची तर दोन अंड्यांत चार चमचे बेसन, भरपूर कांदा आणि कोथिंबीर. पोळी तव्याएवढी होते, अंड्याचा फक्त वास येतो. सासूबाईंना डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलंय. त्या आपलं अर्धुक हळूच धाकट्याच्या ताटात सरकवतात आणि मी बघितलं नाही, असं त्यांना वाटतं. हैदराबादच्या सरकारी पोषण संस्थेने म्हणे माणशी वर्षाला १८० अंडी सांगितली आहेत. देशात २०२३-२४ मध्ये माणशी १०३ निघाली. ती १०३ कोण खातंय, शोधून कळवा. आमच्या घरात तर नाही.

भाव का चढला, हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं कारण देतो. थंडी आहे, मागणी वाढते. गेल्या साली तोटा झाला म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी कमी केले. मागे सांगायचे की मका इथेनॉलला जातो, कोंबडीचं खाद्य गाड्यांच्या टाकीत चाललंय, म्हणून अंडं महाग. ठीक. पण २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे मका पडला, क्विंटलला २,४०० रुपयांच्या हमीभावाच्याही खूप खाली गेला, कर्नाटकात मक्याचे शेतकरी रस्त्यावर आले. मग अंडं का नाही उतरलं? मका चढला की अंडं चढतं आणि मका उतरला की अंडं चढतं, हे कुठल्या शाळेतलं गणित? आमच्या शाळेत तरी शिकवत नाहीत.

शाळेचं निघालंच आहे तर तेही बोलते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं, अंड्यामागे ५ रुपये. जी पोरं खात नाहीत त्यांना केळं. त्या दिवशी शाळेचा पट भरायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एरवी आजारी पडणारी पोरंही अंड्याच्या दिवशी ठणठणीत. सोलून झालं की काही जण अंडं खिशात घालायचे, घरी धाकट्या भावंडासाठी. गुरुजी ओरडायचे, इथेच खा. मी काही बघितलं नाही असं दाखवायची.

मग २८ जानेवारी २०२५ चा शासन निर्णय आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक. करायचाच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून करावा, सरकार वेगळे पैसे देणार नाही. हे खातं तुमचं नाही, शिक्षणाचं आहे, माहीत आहे मला. पण आमच्या गावात मंत्रिमंडळ एकच आहे. खातेवाटप तिकडे मुंबईत होतं.

लोकसहभाग! कोणाचा हो? पोरांचे बाप खलाशी, नाहीतर बागेत गडी, नाहीतर मुंबईला. ज्यांच्या घरी अंडं शिजत नाही म्हणून शाळेत द्यायचं ठरलं, त्यांनीच वर्गणी काढून शाळेत अंडं द्यायचं. ५ रुपये होते तेव्हाही दुकानदार वरचा रुपया-दीड रुपया सोडत नव्हता, आता तर ८. बत्तीस पोरांना आठवड्यातून एकदा म्हणजे २५६ रुपये. समितीच्या बैठकीत शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “काकी, तुमच्या तलंगा यायच्यात ना? तुम्हीच द्या शाळेला वाजवी भावात.” मी हो म्हटलं. दुकानदारापेक्षा दोन रुपये कमीने देईन म्हटलं. आणि तुमच्या तलंगा येणार मे-जूनमध्ये, शाळा सुटल्यावर!

माझं मानधन महिन्याला २,५०० रुपये आहे, तेही वर्षातले दहा महिने. आज जमा होईल, उद्या होईल करत कधी दोन-तीन महिने लांबतं. सकाळी साडेनऊला चूल पेटवते, दुपारी भांडी घासून निघते. आजच्या भावाने माझ्या महिन्याची किंमत ३१२ अंडी. पुढच्या थंडीत किती राहील देव जाणे. मी याची तक्रार करणार नव्हते, पत्र अंड्यांचं आहे. पण आता निघालं.

आता तुमच्या खात्याचे आकडे. जानेवारी २०२३ मध्ये खात्याच्या अतिरिक्त आयुक्तांनी पत्रकारांना सांगितलं होतं की राज्याला रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी लागतात आणि एक कोटीचा तुटवडा आहे, तो कर्नाटक, तेलंगणा आणि तामिळनाडूतून भरून काढतो. त्यावर उपाय काय, तर प्रत्येक जिल्ह्यात हजार पिंजरे आणि पिंजऱ्यासोबत पन्नास व्हाइट लेगहॉर्न, सवलतीत २१,००० रुपयांना. मी बारावी झालेली आहे, गुणाकार येतो. छत्तीस जिल्हे, हजार पिंजरे, पन्नास कोंबड्या, झाल्या अठरा लाख. प्रत्येकीने रोज एक घातलं तरी अठरा लाख अंडी. (कोंबडी रोज घालत नाही, तिला अजून कुणी शासन निर्णय वाचून दाखवलेला नाही.) तूट मात्र एक कोटीची. उरलेली ब्याऐंशी लाख अंडी कोणी घालायची, मंत्रालयाने? आणि हेही पिंजरे आमच्या पंचक्रोशीत मी तरी कुठे बघितले नाहीत. तुम्ही बघितले असतील तर मला दाखवायला न्या.

आंबोली घाट चढून गेलं की पुढे बेळगाव. तिथल्या सरकारी शाळांत पोरांना आठवड्यातले सहा दिवस अंडं मिळतं. दोन दिवसांचे पैसे सरकारचे, चार दिवसांचे एका मोठ्या प्रतिष्ठानचे. तामिळनाडूत तर शाळेच्या रोजच्या जेवणात अंडं कितीतरी वर्षं आहे. म्हणजे ती राज्यं आपली पोरं खाऊ घालून उरलेली अंडी आपल्याला विकतात, आणि ती विकत घेऊन आपण आपल्या पोरांना देत नाही. कारण काय, तर पन्नास कोटी. शाळेच्या अंड्यासाठी तेवढी तरतूद होती, असं पेपरात आलं होतं. आणि वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत जो शक्तिपीठ महामार्ग करायचा म्हणता, तो मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा आणि ८६ हजार कोटींचा होता. किलोमीटरला शंभर कोटींच्या वर. अर्धा किलोमीटर कमी करा ना! पत्रादेवीच्या अर्धा किलोमीटर अलीकडे थांबवा, पुढे आम्ही चालत येतो. अख्ख्या राज्याच्या पोरांचं वर्षाचं अंडं निघेल.

रस्त्यांचं आम्हाला कौतुक सांगू नका. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ साली सुरू झालं. माझा थोरला त्याच वर्षीचा. तो दहावीला पोचला, महामार्ग कुठे पोचला ते तुम्हीच सांगा. गणपतीला तुमची माणसं फुकट गाड्या सोडतात, त्यावर स्वतःचे हसरे फोटो लावतात. माणसं येतात, आरती करतात आणि पाचव्या-सातव्या दिवशी त्याच गाड्यांनी परत जातात. हापूस जातो, मासा जातो, पोरं जातात. येतं काय, तर घाटावरून अंडी, तीही वाहतूक लावून.

इथे तरी काय व्हायला हवं, ते तुम्हाला कुणी सांगत नसेल. पूर्वी आमच्या दारात दहा-बारा गावठी असायच्या. वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची एकेक, पण खाणं काय, तर भाताच्या कण्या, कोंडा आणि परसातली वाळवी. एकदा कोंबड्यांची मानमोडी (राणीखेत रोग) आली आणि आठ दिवसांत अख्खी वाडी रिकामी झाली. लस असते. पण ती शंभर-शंभर डोसांच्या बाटलीत येते, थंडगार ठेवावी लागते आणि फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी शंभर डोस कोण फोडणार? वर्षातून चार दिवस ठरवा, वाडीवाडीत माणूस पाठवा, एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस द्या. त्याला पिंजरा लागत नाही, लॉटरी लागत नाही, उद्घाटन लागत नाही. बहुधा म्हणूनच होत नसेल.

माझं म्हणणं एवढंच की तलंगा सप्टेंबरात द्या, ऑक्टोबर चालेल, जूनमध्ये मला नको. तोवर माझ्या हिश्श्याचे पैसे परत करा, गटाचं व्याज मी भरते आहे, सरकार नाही. ते परत मागायचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, तेही कळवा, कारण त्या साहेबांनाच ते माहीत नव्हतं. शाळेच्या अंड्याचं शिक्षण खात्याच्या मंत्र्यांशी बोला. तुम्ही मंत्रिमंडळात शेजारीशेजारी बसता, मला त्यासाठी दुसरं पत्र लिहायला लावू नका. आणि उत्तर धाडलंत तर शाळेच्या पत्त्यावर धाडा. घरचं टपाल पोस्टमन चार दिवसांनी देतो.

आपली,
स्वयंपाकी तथा मदतनीस,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

सोबत : लाभार्थी हिस्सा भरल्याच्या पावतीची झेरॉक्स. मूळ पावती मिळणार नाही.