अण्णांच्या सुईमागची शिकागोची कुत्री

मिरज

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, 'अण्णांचा कॅन्सर प्रोस्टेटचा, मग दर तीन महिन्यांनी पोटावर सुई कसली टोचतात?' फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. मास्तरकी सोडून वर्षं झाली, पण खोड जात नाही, त्यामुळे लांबण लागणार.

या सुईचं मूळ शिकागोत आहे. चार्ल्स हगिन्स हा जन्माने कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. १९२७ साली तो शिकागो विद्यापीठात लागला आणि मूत्रविकारांचा विभाग त्याच्या गळ्यात पडला. गडी मुळात उचापती. मूत्रमार्गाचं अस्तर त्याने कुत्र्याच्या पोटाच्या स्नायूत रोवून पाहिलं, तर तिथे चक्क हाड तयार झालं! हे १९३१चं. त्याचा उपचारासाठी कुणाला काही उपयोग नव्हता, पण त्याचा पिंड त्यातून कळतो.

पुढे तो प्रोस्टेटच्या स्रावामागे लागला. प्रश्न अगदी रुक्ष होता: हा स्राव कशाचा बनतो आणि तो कमीजास्त कशाने होतो? अडचण अशी की ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशीच बसलेली, त्यामुळे स्राव गोळा करायला जावं तर त्यात लघवी मिसळणार. हगिन्सने कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून दोन्हींच्या वाटाच वेगळ्या केल्या. लघवी नळीने बाहेर काढली आणि प्रोस्टेटचा स्राव स्वतंत्र, निर्भेळ मिळू लागला. मग पायलोकार्पिन हे स्राव वाढवणारं औषध टोचायचं, स्राव जमवायचा, मोजायचा. तेच काम पुन्हा पुन्हा. माझ्या मते त्याची खरी करामत इथेच आहे, नोबेल नंतरचं. वृषणं काढली की स्राव आटायचा, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन टोचलं की पुन्हा सुरू व्हायचा. नळ सोडावा-बंद करावा तसं.

आता गंमत बघ. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारख्याच प्रोस्टेटच्या गाठी होतात. असं कुत्रं निघालं की मोजमाप बिघडायचं आणि हगिन्स वैतागायचा. पण वृषणं काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दिल्यावर गाठी आक्रसतात हे दिसलं, आणि मग तीच कुत्री तो शोधू लागला.

माणसापर्यंत पोचायला एक मोजपट्टी हवी होती. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फटेज हे एन्झाइम वाढतं, हे गुटमन दांपत्याने १९३८ मध्ये दाखवलं होतं. हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवलं की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं की हा आकडा उतरतो आणि पुरुषी हार्मोन टोचलं की चढतो. पुढच्या लेखात वृषणं काढलेल्या २१ रुग्णांची हकीकत होती. हाडांच्या वेदनेने बेजार झालेल्या काहींचं दुखणं काही दिवसांतच हलकं झालं. कॅन्सर बेफाम वाढतो, तो कुणाचंच ऐकत नाही, असं तेव्हा मानत. इथे तो हार्मोनच्या ताब्यात राहताना दिसला.

नोबेल मिळालं थेट १९६६ मध्ये, तेही निम्मंच. दुसरा वाटेकरी पेटन राउस, तेव्हा ८७ वर्षांचा, कोंबड्यांत कॅन्सर करणाऱ्या विषाणूचा त्याचा शोध १९११चा! नोबेलवाल्यांना घाई कसली ती नसतेच.

अण्णांची सुई हा त्याच युक्तीचा पुढचा टप्पा. मेंदूतून पिट्युटरीला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला, आणि पिट्युटरीतून वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम जातो. मेंदूच्या त्या हार्मोनची रचना अँड्र्यू शॅली यांच्या गटाने १९७१ मध्ये उलगडली. सुईतून त्याच्याच नकलेचा सतत मारा केला की पिट्युटरी थोडे दिवस चेकाळते आणि मग गप्प होते, म्हणजे शस्त्रक्रियेवाचून वृषणं बंद. तो सुरुवातीचा चढ बाधू नये म्हणूनच अण्णांना आधी गोळ्या दिल्या होत्या. सध्या अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येतो म्हणतात ना, तो टेस्टोस्टेरॉन उतरल्याचाच परिणाम.

पण वहिनींना 'बरं झालं' असं सांगू नकोस. रोग आटोक्यात राहतो, बहुधा कधीतरी वाट काढतो. म्हणून पीएसए, म्हणजे रोगावर नजर ठेवणारी रक्ततपासणी, चुकवायची नाही. या उपचाराने हाडंही ठिसूळ होतात, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचार, आणि अण्णांना रोज चालायला लाव. कुरकुर करतील, करू दे.

पुढच्या सुईच्या आधीचे रिपोर्ट मला फोटो काढून पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विनायक