मंत्री महोदय, दुसरा मंगळवार गेला आणि डॉक्टर आले नाहीत

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातली कास्तकारीण, वय 47. पत्र मी सांगतेय, मुलगी लिहितेय. माझ्या बोटांत पेन राहत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सांध्यांचे डॉक्टर येतील, असं उन्हाळ्यातल्या शिबिरात माइकवरून सांगितलं होतं. चार मंगळवार गेले, डॉक्टर एकदाच भेटले. परवा सातच्या एसटीनं निघाले, दुपारी तीनपर्यंत बाकावर बसले. मग खिडकीतून आवाज आला, 'आज साहेब येत नाहीत, गोळ्याही संपल्या.' मेथोट्रेक्सेट. सांधे सुजवणाऱ्या माझ्या आजारावर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतली. आवश्यक आहे तर संपते कशी?

सहा वर्षांपूर्वी सकाळी हात उघडेनात. मूठ सुटायला दोन-दोन तास लागायचे. वेचणीनं दुखत असेल म्हणून मी गप्प राहिले. गावात सगळे म्हणाले, वात धरला. पन्नास रुपयांचं इंजेक्शन घेतलं की दुसऱ्या दिवशी वावरात जाता यायचं. असं चार वर्षं चाललं. तोंड सुजलं, साखर वाढली, बोटं वाकडी झाली. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की हा आमवात आहे, बायकांना जास्त होतो, आणि पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू झालं असतं तर सांधे वाचले असते. त्या फेऱ्यांत कानातलं गेलं. दिवसाला चाळीस किलो कापूस वेचणारी मी, गेल्या हंगामात बारा किलोवर आले. मजुरी किलोवर असते, साहेब. पोळ्या आता मुलगी लाटते. वेणीसुद्धा तीच घालते.

आशाताई घरी येते, बीपी बघते, तिशीवरच्यांना साखरेच्या तपासणीला पाठवते. मी हात पुढे केले तर म्हणाली, 'काकू, सांध्यांसाठी माझ्याकडं काहीच नाही.' तिचा काय दोष? 2010 साली असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्याच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयरोग, पक्षाघात आले. सांधे आले नाहीत. यानं माणूस लगेच मरत नाही, म्हणून का? आमच्या जिल्ह्यात कितीतरी गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं हाडं धरतात. चिकुनगुनियाचा ताप उतरतो, पण सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात. रोवणीला वाकणाऱ्या भंडारा-गोंदियाच्या बायकांना विचारा. हे कोण मोजतं?

अमेरिकेनं 1974 सालीच संधिवातासाठी स्वतंत्र कायदा केला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिनं दाखवलं की सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीत आहे आणि कलम 47 प्रमाणे लोकांचं आरोग्य सुधारणं हे शासनाचं कर्तव्य आहे. मग दिल्लीची वाट कशाला? विधानसभेत कायदा करा. सहा आठवडे सांधे सुजलेल्या माणसाची रक्ततपासणी तालुक्यातच झाली पाहिजे, गोळी खंडू नये आणि रुग्णांची नोंद राहावी.

इमारतीला रंग दिला, उद्घाटन झालं, तुमच्या खात्याची पाटी लागली. आत माणूस नाही. रस्त्याचं तेच, शाळेचं तेच, कापसाच्या भावाचंही तेच. आम्ही मत द्यायला जातो तेव्हा केंद्रावर सगळे कर्मचारी हजर असतात, एक खुर्ची रिकामी नसते. दवाखान्यातलीच का रिकामी राहते?

पुढच्या दुसऱ्या मंगळवारी वेचणी भरात असेल. डॉक्टर येणार की नाही, ते आदल्या दिवशी तरी कळवा. आले तर मजुरी पाडून येईन.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक कास्तकारीण