वळणावर हरवलेला सिग्नल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा पूर्वीसारखाच, म्हणजे तक्रारही चालू आणि फिरणेही चालू. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे, आणि ते घरात सांगून उपयोग नाही, कारण ऐकणारा प्रत्येक जण "विमान पडले तर नाही ना?" एवढेच विचारून मोकळा होतो.

पडले नाही. अण्णांचे रेडिओवर चालणारे मोठे मॉडेल विमान रविवारी माळावर झकास उडत होते आणि बाभळींच्या अलीकडे डावे वळण घेताना ते अचानक ऐकेनासे झाले. मोटर बंद पडली, पंख तिरके ते तिरकेच राहिले आणि मी स्टिक उजवीकडे दाबून धरलेली असूनही ते खुशाल बाभळींकडे निघाले. क्षणभराने सगळे पूर्ववत झाले, मी ते उतरवले आणि नंतर बराच वेळ ट्रान्समीटर हातात धरून नुसता उभा राहिलो. अंतर होते फार तर अडीचशे मीटर. खोक्यावर किलोमीटरच्या गप्पा मारणाऱ्या संचाची रेंज अडीचशे मीटरवर संपते, हे मला पटत नाही.

मोटर बंद झाली म्हणजे फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप बंद करणारी सोय, लागले, असा पहिला तर्क. परंतु व्होल्टेज कोसळून विमानातला रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तरी जमिनीवरून नेमके हेच दिसते, कारण वळणात पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे चारही सर्वो, एकदम करंट ओढतात आणि त्यांना व रिसीव्हरला वीज पुरवणारा बीईसी अपुरा असेल तर तिथेच दगा देतो. विमानाकडून येणाऱ्या टेलिमेट्रीच्या नोंदीत व्होल्टेज ५ व्होल्टच्या खाली गेलेले नाही. पण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होऊन गेलेली घसरण दोन नोंदींच्या मधून सहज निसटते, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. मला जास्त बोलकी वाटते ती आरएसएसआयची, म्हणजे सिग्नलच्या जोराची, नोंद. व्होल्टेजचा घोळ असता तर चांगला चाललेला सिग्नल मध्येच तुटला असता. इथे तो वळणाबरोबर उणे ७० वरून उणे ९८ डीबीएमपर्यंत पायरीपायरीने उतरला आहे. तेव्हा संशय रेडिओवर, आणि स्पष्टच लिहायचे तर तू पंखात घातलेल्या कार्बनच्या नळीवर.

हसू नकोस. पंखात स्प्रूस लाकडाची पट्टी घालू, असे मी घसा फोडून सांगत होतो आणि तू वजन वाचवायला निघालास. तेव्हा आपला ७२ मेगाहर्ट्झचा एफएम संच होता, मीटरभर तार शेपटीपर्यंत ओढलेली असे आणि तिला त्या नळीचे काही सोयरसुतक नव्हते. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचाची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि रिसीव्हरच्या दोन अँटेनांची उघडी टोके जेमतेम ३१ मिलिमीटरची. त्यातले एक टोक तुझ्या वीजवाहक नळीला समांतर, अगदी खेटून पडले आहे, म्हणजे ते जवळजवळ निकामी. दुसरे त्याच्याशी काटकोनात उभे आहे. पण विमान आपल्या बाजूला कलले की त्याचे टोक सरळ माझ्याकडे रोखले जाते, आणि टोकाच्या दिशेने अँटेनाला काहीच ऐकू येत नाही. सरळ उड्डाणात दुसरे पहिल्याची उणीव भरून काढते, म्हणून इतके दिवस काही कळले नाही.

काल चिन्मयला विमान धरायला लावून रेंज चेक केला. जमिनीवर पल्ला तपासायच्या या मोडमध्ये ट्रान्समीटरची शक्ती सुमारे १०००पट कमी होते, म्हणजे पल्ला साधारण ३२पट घटतो. विमान सरळ धरले तेव्हा ३० मीटरच्या पुढेही रडर (शेपटीचे सुकाणू) मुकाट्याने हलत होता. रविवारच्या वळणासारखे कलवून धरल्यावर मात्र ८ मीटरवरच तो थिजला. आठाला ३२ ने गुणून बघ.

यात तुझा एक जुना मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. एफएमवर सिग्नल क्षीण होऊ लागला की सर्वो थरथरत आणि आपण विमान जवळ ओढत असू. डिजिटल शेवटपर्यंत गुळगुळीत चालते आणि मग एकदम तोंड फिरवते. अर्थात चॅनेल अडवल्याची खूण म्हणून घ्यायचा चिमटा न घेता कोणी आपल्याच चॅनेलवर संच चालू केला, तर तुझे लाडके एफएम कोणती पूर्वसूचना देत असे, हे तूही आजवर सांगितलेले नाहीस. आरएसएसआयचा इशारा मी आता उणे ८५ वर लावला आहे. पण वळणात तो वाजेपर्यंत वळण संपलेले असेल, अशी मला भीती आहे. जास्त शक्तीचा ट्रान्समीटर घ्या, असा सल्ला इथे सगळे देतात. तुमच्या जर्मनीत १०० मिलीवॅटच्या मर्यादेत लोक वर्षानुवर्षे उडवतात, हे त्यांना कोण सांगणार!

दिवाळीच्या सुट्टीत हेच विमान चिन्मय पहिल्यांदा एकट्याने उडवणार आहे. तुझ्या बहिणीला मी शब्द दिला आहे, म्हणून झोप लागत नाही. नळी काढायची तर पंखाचे सगळे कव्हरिंग फाडावे लागेल, आणि अण्णांच्या हातच्या पंखाला सुरी लावायला मन घेत नाही. अँटेना शेपटीकडे सरकवून भागेल का?

नव्या घराचे वाचून आनंद झाला. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. नोकरीचे काय ठरले ते सविस्तर लिही; पण त्याआधी एवढे आठवून कळव, की ती नळी तू पंखाच्या मध्यापर्यंतच घातली होतीस की टोकापर्यंत, आणि फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, तिचा एखादा तुकडा ठेवला आहेस का.

तुझा,
श्रीधर