पाच मुद्दे आणि एक नाली

नागपूर
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

प्रिय दोस्ता,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसत सुटला असतास आणि पुढचं काही ऐकलंच नसतंस, म्हणून लिहितोय. आपला वकील विधानसभेला उभा राहिलाय. अपक्ष. खरंच! दहा सूचक जमवले (त्यातला एक मी), दहा हजारांची अनामत भरली आणि छाननीत अर्ज टिकलाही. उद्या दुपारी तीनपर्यंत मागे घेता येतो. वहिनींनी अजून आशा सोडलेली नाही. अनामत वाचवायची तर एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं लागतात, हे कळल्यावर त्यांनी ते दहा हजार दिवाळीच्या खर्चात मांडून टाकलेत. आयोगानं खर्चाची मर्यादा ४० लाख ठेवलीय, वकिलाचं बजेट ४० हजार. त्यातले निम्मे छपाईला जाणार.

काल संध्याकाळी तो पत्रकाचा मसुदा घेऊन आला. मुद्दे एकवीस. चकल्यांचा डबा मध्ये ठेवला आणि मी लाल पेन घेऊन बसलो. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हे आमदाराचं काम आहे का बे? पथदिवे, मोकाट कुत्री, कचरागाडी, बागेतले झोपाळे, नाली, सगळं महापालिकेचं. डबा संपेपर्यंत पाच उरले. वकिलाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

तू म्हणशील, लोक मग नालीसाठी आमदाराकडे का जातात? जातील कुठे, सांग. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, १५१ नगरसेवक घरी बसले, तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती. प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलंय हे खरं, पण प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा याचा कायदा विधिमंडळानंच फिरवत ठेवला ना? म्हणून पहिला मुद्दा हाच. आमदार व्हायला निघालेला माणूस आधी नगरसेवक मागतोय, हे मला तरी आवडलं.

दुसरा मुद्दा लेआउटचा. तू गेलास तेव्हा मानेवाड्याच्या पुढे वावरंच होती. आता सगळी घरं. शेतमालकानं तुकडे पाडून विकले, लोकांनी आयुष्याची कमाई घातली, आणि कागद अजून अर्धे. असे तुकडे नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. कोणाकडे आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे, कोणी त्यासाठीची डिमांडची रक्कम भरून वाट पाहतोय. त्यात शहराला दोन धनी, महापालिका आणि एनआयटी, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. एनआयटी चालते १९३६ च्या कायद्यावर, इंग्रजांच्या वेळच्या. तो बदलायचा तर विधिमंडळातच बदलेल. एकटा अपक्ष फार तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं, मांडेल, २८८ च्या सभागृहात त्याचं काय होतं ते वकिलाला चांगलं ठाऊक आहे. तरी म्हणतो, मांडणार.

तिसरा मुद्दा माझा आहे, आणि तो मी खोडू दिला नसता.

आमच्या घरासमोरच्या तीन पायऱ्या आठवतात? बारावीच्या सुट्टीत आपण रात्री एकपर्यंत बसायचो आणि बाबा वरून खाकरायचे, त्याच. त्या आता नाहीत. म्हणजे आहेत, पण रस्त्याखाली. डांबराचा रस्ता न खोदता त्यावरच सिमेंटचा थर टाकला. करणाऱ्याचं नाव लिहीत नाही, लिहून काय होणार. दोन पायऱ्या गाडल्या गेल्या, तिसरी रस्त्याला टेकली. आता रस्त्यावरून घरात उतरायचं. जुलैमध्ये एका रात्री पाणी सरळ बैठकीत आलं. आईनं देव्हारा ओट्यावर ठेवला, मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कागद पंख्याखाली वाळवले. आता उंबऱ्यावर विटांचा बांध घातलाय. येणारा प्रत्येक जण त्याला अडखळतो, भाऊबीजेला आलेली ताईसुद्धा. शहरभर अशी घरं आहेत. वकिलाचं म्हणणं साधं आहे: आमदार निधी वर्षाला ५ कोटी, त्यातून जो रस्ता होईल तो आधी खोदून, जुन्या पातळीला. यासाठी कायदा नको, कोणाचं बहुमत नको.

गंमत बघ. २०१८ ला पावसाळी अधिवेशन इथे घेतलं, तेव्हा जुलैतल्या एका पावसानं विधानभवनाच्या वीजखोलीत पाणी शिरलं आणि कामकाज तहकूब करावं लागलं. आमच्या बैठकीला मात्र तहकुबी नाही!

चौथा मुद्दा नाग नदीचा, तुला वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये लोक झोपेतून उठून गच्चीवर गेले, ते तू टीव्हीवर पाहिलंच. नदीचं पात्र ठिकठिकाणी आवळलेलं. त्याला कुठे कोणी परवानगी दिली, हे तारांकित प्रश्नानं, म्हणजे सभागृहात मंत्र्याकडून तोंडी उत्तर मागून, वदवून घेता येतं. वकिलाला प्रश्न विचारायची खोड आहेच, फुकट जाऊ नये.

पाचवा मुद्दा हिवाळी अधिवेशनाचा. मी म्हटलं, याला एक मत पडणार नाही. तरी ठेवला. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन इथे आणि ठरावीक काळ सरकारचा मुक्काम इथे, असं लिहिलंय. २०२० आणि २०२१ ला अधिवेशन आलंच नाही, कोरोना होता. येतं तेव्हा सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, मोर्चे, हुरडा, आणि सामान उचलून परत. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० ला संपली, त्याचाही कोणी हिशेब देत नाही.

आज सकाळी ते पाच मुद्दे घेऊन आम्ही गल्लीत फिरलो. पहिल्याच घरी लाडक्या बहिणीच्या पैशांबद्दल विचारलं, वकील गप्प. दुसऱ्या घरी कोपऱ्यावरच्या काकू. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

‘‘सगळं बरोबर आहे बाप्पा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण नाली कोठी हाये?’’

वकिलानं महापालिका, प्रशासक, आमदाराचे अधिकार असं सगळं समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं, मग त्याला हाताला धरून घरामागे नेलं. नाली तुंबलेली, वर प्लॅस्टिक, आणि वास असा की मी रुमाल काढला. त्याच्या पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत शिंतोडे.

घरी येऊन त्यानं माझं लाल पेन उचललं आणि खाली सहावा मुद्दा लिहिला. ‘नाली.’ एवढंच. पुढे क्रियापद नाही, आश्वासन नाही. मी भांडलो, की मग कुत्र्यांनी काय पाप केलं? तो म्हणाला, कुत्रं मला दाखवायला अजून कोणी नेलं नाही.

चिन्हं उद्या तीननंतर मिळतील. त्यानं पहिली पसंती शिट्टीला दिलीय. त्यानंतर लगेच छापायला टाकायचंय. प्रकाशक म्हणून पत्रकावर माझं नाव जाणार, म्हणून तुला विचारतो. सहावा मुद्दा तसाच ठेवू की खोडू? उद्या दुपारच्या आत कळव. आणि काकूंनी तुला विचारलंय.

तुझाच,
पायऱ्यांवाला