ऑपरेशन आणि रेडिएशन, दोन्हींचा खर्च आधीच जमायला हवा : पाचपावलीकरांना आवाहन

नमस्कार मंडळी,

गोळीबार चौकाच्या स्टँडवर दादाचा ऑटो गेले चार महिने दिसत नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं असेल. रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी मेडिकल रुग्णालयात नेऊन सोडणारा हा माणूस. त्याच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली आहे. घरच्यांच्या इच्छेमुळे नाव इथे देत नाही, वस्तीला ते माहीतच आहे.

वर्षभर तो माकडहाड दुखतं म्हणायचा. दिवसभर ऑटोवर बसणाऱ्याचं दुखणारच, असं आम्हीही म्हणालो, याचं आज फार वाईट वाटतं. शेक झाला, गोळ्या झाल्या, सीटवर उशी आली. लघवीला त्रास व्हायला लागला तेव्हा कुठे एमआरआय झाला. मग बायोप्सीत नाव कळलं : कॉर्डोमा. आईच्या पोटात बाळाचा कणा घडतो त्याआधी तिथे एक मऊ दोरीसारखा भाग असतो. त्याचे अवशेष हाडात राहून जातात आणि फार क्वचित त्यातून ही गाठ वाढते. दहा लाखांत वर्षाला साधारण एकाला होणारा हा आजार आहे. खर्रा खाल्ल्यामुळे झालं असेल, असं कृपया कुणी बोलू नये. तसा संबंध आढळलेला नाही, आणि त्या बोलण्याने वहिनी रडतात.

ही गाठ हळू वाढते, पण नेहमीच्या केमोला फारशी दाद देत नाही. त्यामुळे आधी ऑपरेशन : गाठ न फोडता, शक्यतो अखंड काढायची, कारण फुटली तर तिच्या पेशी आजूबाजूला सांडतात. दादाची गाठ कंबरेखालच्या त्रिकास्थीत आहे. लघवी-संडासावर ताबा ठेवणाऱ्या नसा तिथूनच जातात, म्हणून हवं तेवढं हाड सरसकट कापता येत नाही. काठावर पेशी राहून जाण्याची भीती उरते आणि त्यासाठी रेडिएशन द्यावं लागतं. त्याचा डोस मोठा, ७० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) आसपास. शेजारी आतडं आणि नसा असताना एवढा डोस देणं नाजूक काम आहे. साधे किरण शरीराच्या आरपार जातात, प्रोटॉन ठरवलेल्या खोलीवर थांबतात. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात २०२३पासून प्रोटॉन उपचार होतात. दादाला तिथेच जायचं आहे.

आधी ऑपरेशनपुरते जमवू, पुढचं पुढे पाहू, असं या आजारात चालत नाही. जखम भरली की ठरलेल्या वेळी रेडिएशन सुरू झालं पाहिजे. पैशांअभावी ते लांबलं, तर एवढं मोठं ऑपरेशन सोसूनही गाठ परत येण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन्हींची तजवीज झाल्यावरच ऑपरेशनची तारीख घ्यायची, असं घरच्यांनी आणि मंडळाने ठरवलं आहे.

सरकारी योजनेचे अर्ज भरले आहेत. त्यातून मिळेल ते वगळून वर ४ लाख २० हजार रुपये लागतील, त्यातले १ लाख ३५ हजार जमले आहेत. उरलेल्यात मोठा वाटा खारघरच्या मुक्कामाचा आहे. आठवड्यातून पाच दिवस असं सुमारे सात आठवडे रेडिएशन, म्हणजे जवळपास दोन महिने दोघांचं राहणं-जेवण. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यामुळे प्रवासाची फार चिंता नाही. फक्त विदर्भ एक्स्प्रेसमध्ये खालचा बर्थ मिळायला हवा, कारण ऑपरेशननंतर त्याला फार वेळ बसता येणार नाही.

पैशांखेरीजही मदत हवी आहे. ऑपरेशनच्या वेळी रक्त लागेल. कोणत्याही गटाचे रक्तदाते नाव नोंदवू शकतात. नवी मुंबईत कुणाचे नातेवाईक असतील आणि तळमजल्यावरची एखादी खोली दोन महिने मिळू शकत असेल, तर खर्च निम्म्यावर येईल. आणि ऑटो उभा आहे. बॅज असलेल्या एखाद्या भावाने तो चालवून रोजचं ठरावीक भाडं वहिनींच्या हाती दिलं, तर घर चालेल आणि गाडीचा हप्ता थकणार नाही. आम्हाला ही मदत पैशांइतकीच मोलाची वाटते.

मंडळाचं कार्यालय रोज सायंकाळी ७ ते ९ उघडं असतं. दहा रुपये दिले तरी पावती मागून घ्या. आपल्या मंडळाकडे ८०जी नाही, त्यामुळे आयकरात सूट मिळणार नाही. जमा-खर्च दर रविवारी बाहेरच्या फळ्यावर लिहिला जाईल. रक्तदात्यांची यादी येत्या रविवारी रात्री रुग्णालयात द्यायची आहे, तेवढी नावं त्याआधी नोंदवा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, पाचपावली, नागपूर